काकूंची खानावळ आणि वैशाखी पौर्णिमा

जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण या तिन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात एकाच तिथीला घडल्या, असा महापुरुष या भूतलावर एकच होऊन गेला. हे वाक्य माझे आहे. आमच्या वाचनालयाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी मी ते लिहिले आणि मंडळाच्या बैठकीत गंभीर आवाजात वाचून दाखवले. मग अध्यक्ष म्हणाले, "म्हंजे तीन उत्सवांचं एका मांडवात भागतंय."

ही छत्तीस किंवा सदतीस सालची गोष्ट असावी. मी तेव्हा बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होतो. कोणत्या गावाला कोणत्या वारी पाणी सुटणार याची पत्रके लिहिणे हे माझे काम. पाणी पत्रकाप्रमाणे सुटत नसे, पण पत्रके वेळेवर जात. बायको जाऊन चार वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. कऱ्हा नदीच्या बाजूला एका गल्लीत माझी खोली होती. तिच्यात एक खाट, एक ट्रंक आणि फळीवर चाळीसेक पुस्तके. त्यांत एक बुद्धाचे चरित्र होते. सबंध गावात ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते, आणि एवढ्या एका कारणाने मी गावातला बुद्धाचा जाणकार ठरलो होतो.

दोन्ही वेळचे जेवण काकूंकडे असे. काकू म्हणजे पन्नाशीच्या एक विधवा बाई. नवरा गेल्यावर त्यांनी भाड्याच्या घरात खानावळ काढली होती. ओसरीवर आम्ही सहा जण बसत असू. शाळेचे दोन मास्तर, गुळाच्या आडतीवरचा एक गुमास्ता, एक म्हातारे पेन्शनर, आमच्याच कचेरीतला कोकणातून आलेला तरुण मोजणीदार, आणि मी. प्रत्येकाचे तांब्या-भांडे तिथेच असे. काकू वाढता वाढता प्रत्येकाला एक प्रश्न विचारत. मास्तरांना विचारत, "आज कुणाला मारलंत?" मला विचारत, "आज पाणी कुठं गेलं?" मी म्हणे, "कागदावर निरवांगीला." त्या म्हणत, "आणि खरं?" हा विनोद आमच्यात तीन वर्षे चालला आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही. दिवसभरात माझ्याशी कचेरीबाहेरचे एवढेच बोलणे होई. त्याची किंमत मला तेव्हा कळली नव्हती.

त्या वर्षी चैत्रात काकूंनी कैरीचे पन्हे केले. खानावळीच्या नेमात ते बसत नव्हते. सणाचे म्हणून त्यांनी आपल्या हौसेने केले होते, वेलदोडा घालून. मोजणीदार दोन भांडी प्याला आणि तिसरे मागून घेतले. आईच्या हातचे असेच असते, असे काहीतरी तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याला उलट्या आणि ढाळ सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत तो गेला.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पाटाचे पाणी प्याला असेल, त्या बाजूच्या दोन गावांत हीच तक्रार आहे. तो आदल्या आठवड्यात कालव्याच्या चारीवर मोजणी करत होता, आणि चारीवर माणूस चारीचेच पाणी पितो. पन्हे आम्ही सहाही जण प्यालो होतो आणि पाच जण धडधाकट होतो. पण पाटाचे पाणी कोणाला दिसले नव्हते आणि पन्हे सगळ्यांनी पाहिले होते.

काकूंना कोणी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्यांना उत्तर तरी देता आले असते. एका मास्तरांची बायको अचानक माहेरहून परत आली. दुसऱ्या मास्तरांनी स्टोव्ह विकत घेतला. मी कचेरीच्या शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली की, वैद्याने काही दिवस पथ्य सांगितले आहे. वैद्याने काहीही सांगितले नव्हते. मी वैद्याकडे गेलोच नव्हतो. शिपाई परत आला तेव्हा त्याच्या हातात माझे तांब्या-भांडे होते, चिंचेने लख्ख घासलेले.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

"काय न्हाय. म्हनल्या, पथ्याला मऊ भात बरा."

मी खोलीवर मऊ भात करू लागलो. तो पहिले आठ दिवस करपला आणि नंतर कच्चा राहू लागला. काकूंचे घर माझ्या आणि कचेरीच्या मध्ये होते, म्हणून मी नदीच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागलो. उन्हाळ्यात कऱ्हेला पाणी नसते. दगड, वाळू आणि एखादे गाढव असते. त्या वाटेने जाणारा मी एकटाच होतो. संध्याकाळी खोलीवर आले की दार उघडे ठेवून बसायचे, समोरच्या भिंतीवरचे ऊन वर सरकताना पाहायचे आणि मग कंदील लावायचा. एखाद्या रविवारी माझ्या ध्यानात यायचे की, शनिवारी दुपारपासून आपण तोंडच उघडलेले नाही. मग मी उगीच पुस्तकातला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायचो. आवाज शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी बुद्धचरित्र वाचणारा माणूस त्या पुस्तकाच्या लेखकाने मनात धरला नसावा.

काकूंकडे आता गुमास्ता आणि पेन्शनर असे दोघेच उरले होते. शिपाई एक दिवस टपालाच्या पिशवीला गाठ मारता मारता म्हणाला, "जेष्टापातुर मानसं परत आली न्हाईत तर काकू घर सोडनार. इंदापूरला दिराकडं जानार म्हनं."

"दिराकडे काय करणार?"

"काय करनार? सैपाक. हितं सा जनांचा करून मान तरी हुता. तितं धा जनांचा करायचा आन् खाली बघून ऱ्हायाचं."

मी त्याला पिशवीची गाठ नीट मार म्हणून सांगितले.

याच सुमारास अध्यक्षांच्या मनात बुद्धजयंती आली. अध्यक्ष म्हणजे आमचे तात्या. कालव्यावर त्यांचा ऊस होता, पेठेत गुळाची आडत होती. स्वभाव दिलदार. त्यांनी आयुष्यात एकही पुस्तक पुरे वाचले नव्हते आणि म्हणूनच पुस्तकांविषयी त्यांना मनापासून आदर होता. मागल्या हिवाळ्यात ते काशीला जाऊन आले. तिथल्या टांगेवाल्याने त्यांना न विचारताच सारनाथलाही नेले, आणि आलो आहोत तर रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून तात्यांनी प्लास्टरचा हातभर उंचीचा ध्यानस्थ बुद्ध विकत घेतला. दौंडला गाडी बदलताना हमालाच्या हातून त्याच्या एका कानाची पाळी गेली. तो वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवला होता आणि वारा आला की त्याचा कागद दाबायला उपयोग होई.

तात्यांनी ठरवले की, वैशाखी पौर्णिमेला वाचनालयापुढे मांडव घालून जयंती करायची आणि "जीवन व उपदेश" यावर मी बोलायचे. मी एरवी नाही म्हटले असते. भाषणे मला ऐकवत नाहीत, मग करवतील कशी? पण घरी येऊन चरित्राची शेवटची पाने चाळली आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

कारण त्या पानांवर चुंद होता. चुंद हा पावा गावचा लोहार. ऐंशी वर्षांच्या बुद्धाला त्याने हौसेने जेवायला बोलावले आणि त्या जेवणानंतर बुद्धाला रक्ताची आव झाली. त्यातच त्याचा शेवट झाला. पण वाटेत, अंगात त्राण नसताना, त्याने आपल्या शिष्याला, आनंदाला जवळ बोलावून सांगितले की, लोक चुंदाला बोल लावतील, त्याच्या मनाला टोचणी लागेल. तर त्याला जाऊन सांग, मला आयुष्यात मिळालेल्या सगळ्या जेवणांत दोनच श्रेष्ठ होती. एक, ज्ञान होण्यापूर्वी खाल्ले ते, आणि दुसरे हे. हा निरोप मी चार-पाचदा वाचला. मला जे माझ्या तोंडाने सांगता येत नव्हते ते बुद्धाच्या तोंडाने सांगता येणार होते. शिवाय बुद्धाला गावात राहायचे नव्हते.

मी ठरवले की, भाषणात चुंदाचीच गोष्ट विस्ताराने सांगायची. मास्तर ऐकतील, गाव ऐकेल. जयंतीनंतरही ज्येष्ठ लागायला पंधरा दिवस उरत होते.

तयारीची बैठक वाचनालयात भरली. गावात बुद्धजयंती यापूर्वी कोणी केली नव्हती, त्यामुळे ती कशी करतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण जयंती म्हटल्यावर पाळणा आलाच, याविषयी कोणाला शंका नव्हती. पूजेसाठी राममंदिरातले गुरुजी बोलावले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"राम दुपारी बाराला, कृष्ण रात्री बाराला, मारुती सूर्योदयाला. यांची वेळ काय?"

"पुस्तकात वेळ दिलेली नाही," मी म्हणालो.

"मग पाळणा हलवायचा कधी? वेळ चुकली तर जन्म कसा व्हायचा?"

"जन्म होऊन अडीच हजार वर्षे होत आली, गुरुजी."

"दर वर्षी व्हावा लागतो," गुरुजी म्हणाले.

तात्यांनी निकाल दिला. "ऊन उतारल्यावर हलवा. वैशाखात बारा वाजता मांडवात कोन बसतंय? पोर सावलीतच झालं असंल की. काय वो भाऊसाहेब?"

"झाडाखालीच झाले. आई फांदी धरून उभी होती."

"उभ्यानं?" तात्यांनी विचारले.

"उभ्याने."

"माऊली," असे म्हणून तात्यांनी हात जोडले. संध्याकाळी सहाची वेळ कायम झाली.

पण गुरुजींचे समाधान झाले नव्हते. "याच तिथीला देहावसान आहे असं पत्रिकेवर आहे. म्हणजे ही पुण्यतिथी झाली. एकाच मांडवात पाळणा आणि श्राद्ध? सोयर धरायचं की सुतक?"

"मधी किती वर्सं गेली?" तात्यांनी मला विचारले.

"ऐंशी."

"ऐंशी वर्सं मधी गेली म्हनल्यावर कशाचं सोयर आन् कशाचं सुतक! असं करा, आदी पाळना, मग सुंठवडा वाटा. मग भाऊसाहेब त्यास्नी मोठं करतील आन् शेवटाला नेतील. मेल्यावर काय वाटू नका म्हंजे झालं."

यात शास्त्राच्या दृष्टीने गुरुजींना खोट काढता येईना. शेवटचा प्रश्न माझ्यासाठी होता. चुंदाने जेवायला काय वाढले होते? मी सांगितले की त्यावर विद्वानांत वाद आहे. काही म्हणतात डुकराचे मांस, काही म्हणतात अळिंबी, काही म्हणतात एक प्रकारचा कंद.

"कंद म्हना," तात्या घाईने म्हणाले. "रताळं म्हना. उपासाला चालतंय, कुनाची वरड न्हाय."

अशा रीतीने बारामतीपुरता तो वाद मिटला.

पौर्णिमेला मांडव चांगला भरला होता. मूर्ती चौरंगावर होती आणि अध्यक्षांची खुर्ची तिच्यापेक्षा बरीच उंच होती. लाल मखमलीची ती खुर्ची एका लग्नघरातून आणली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. अडचण एवढीच झाली की मूर्ती बसलेली असल्यामुळे पाळण्यात निजेना. आडवी केली की गडगडे. शेवटी बायकांनी तिला तशीच बसवली आणि डोक्याला झालरीची कुंची बांधली. कानाची तुटलेली बाजू त्यामुळे झाकली गेली. मांडी घालून, डोळे मिटून, कुंची घालून तथागत पाळण्यात बसले.

"असू द्या, असू द्या," तात्या म्हणाले. "हुशार पोर हाय. जलमल्या जलमल्या बसतंय."

बुद्धाचा पाळणा कोणाला येत नव्हता, म्हणून रामाचाच नाव बदलून म्हटला. कौसल्येच्या जागी मायादेवी ओढूनताणून बसली. दशरथाच्या जागी शुद्धोदन काही केल्या बसेना, दोन मात्रा जास्त होत होत्या. तेव्हा वडिलांचे नाव गाळले. गुलाल उधळला, सुंठवडा वाटला, आणि तो हातावर पडताच निम्मा मांडव उठून घरी गेला. राहिले ते खरे श्रोते. पुढे जे झाले ते त्यांच्यामुळेच झाले.

काकू आल्या होत्या. बायकांच्या बाजूला शेवटच्या खांबापाशी बसल्या होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून. रस्त्यापलीकडे लिंबाखाली गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पाच-सहा माणसे उभी होती. मी भाषणात सांगितले की, बुद्धाने आपल्या संघात सर्व जातींची माणसे सारखी घेतली. या वाक्याला मांडवात टाळ्या पडल्या. लिंबाखालची माणसे लिंबाखालीच राहिली आणि मीही त्यांना या म्हणालो नाही.

राजवाडा, म्हातारा, रोगी, प्रेत, रात्रीचे निघून जाणे, हे मी भराभर सांगितले. सहा वर्षे उपास केले आणि हाती काही आले नाही. मग एका बाईने दिलेली खीर खाल्ली आणि त्याच रात्री ज्ञान झाले, हेही सांगितले. मला चुंदाकडे पोचायचे होते. चुंदापाशी आल्यावर मात्र मी सावकाश बोललो. त्या लोहाराची हौस, त्याने पहाटे उठून केलेला स्वयंपाक, वाढताना त्याला झालेला आनंद, हे पुस्तकात फारसे नव्हते; ते मी घातले. रताळे तात्यांनी सांगितले होते, ते घातले. मग दुखणे. मग आनंदाला दिलेला निरोप. मी म्हणालो, "मरणाच्या दारातही त्यांना काळजी कोणाची होती? ज्याने प्रेमाने जेवू घातले त्याची. त्याला कोणी बोल लावू नये, एवढीच." हे बोलताना मी खांबाकडे पाहत होतो. मांडवात कोणी हालत नव्हते. एका मास्तरांनी मान खाली घातली. मी खाली बसलो तेव्हा, खरे सांगायचे तर, मी स्वतःवर खूष होतो. फार दिवसांनी मला एकटे वाटत नव्हते.

मग अध्यक्षीय समारोप झाला. तात्या तासभर बोलले. त्यात काशी होती, टांगेवाला होता, यंदाचा गुळाचा भाव होता. आणि शेवटी, प्रत्येक भाषणाचे तात्पर्य सांगितलेच पाहिजे अशी त्यांची समजूत असल्यामुळे, ते माझ्या भाषणाकडे वळले.

"आता भाऊसाहेबांनी काय सांगितलं ते ध्येनात घ्या. केवडा मोठा मानूस! जंगलात ऱ्हायला, साप न्हाय चावला. उनातानात हिंडला, ऊन न्हाय लागलं. सा वर्सं उपाशी ऱ्हायला, त्येनं बी मेला न्हाय. ऐंशी वर्सं काय झालं न्हाय. आन् शेवटाला कशानं गेला?" तात्या थांबले. त्यांना थांबायचे कुठे हे बरोबर कळे. "भाईरच्या जेवनानं!"

"व्हय तात्या," मांडवातून कोणीतरी म्हणाले.

"तवा दुसऱ्याच्या हातचं खाताना मानसानं इचार करावा. द्येवाला सुटलं न्हाय, तितं आपुन कोन?"

तात्यांच्या मनात काकू नव्हत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. आदल्या आठवड्यात मोटारीच्या अड्ड्यावरची भजी त्यांना बाधली होती, तेवढेच त्यांच्या मनात होते. पण मांडवातल्या एकाही माणसाने खांबाकडे पाहिले नाही. शे-दीडशे माणसे एकाच बाजूला न बघण्याची इतकी काळजी घेत होती की मला सगळे समजले.

मी उठून उभे राहायला हवे होते. "तात्या, गोष्ट उलटी झाली," एवढे चार शब्द पुरले असते. पण तेवढ्यात आभाराचा हार माझ्या गळ्यात पडला. हार घातलेल्या माणसाला एकदम उठून वाद घालता येत नाही, असे मी तेव्हा स्वतःला समजावले. आरती सुरू झाली तेव्हा खांबापाशी कोणी नव्हते.

दोन दिवसांनी पेन्शनर आपल्या पुतण्याकडे जेवू लागले. गुमास्ता तात्यांच्याच आडतीवर होता. त्याने तात्पर्य लगेच अमलात आणले. पुढच्या एकादशीला बाजारात रताळीही पडून राहिली असे भाजीवाली सांगत होती. ज्येष्ठ लागला त्या आठवड्यात काकूंनी पातेली गोणपाटात बांधली आणि इंदापूरच्या मोटारीच्या टपावर चढवली. हे मला शिपायाने सांगितले. मी त्या दिवशी कचेरीत पत्रके लिहीत होतो. मोटार कचेरीवरूनच गेली. मी मान वर केली नाही, पण तिचा आवाज ओळखीचा होता.

ते वर्ष मी कसे काढले हे सांगण्यासारखे नाही, कारण त्यात काही घडलेच नाही. नदीकडून वळसा घालायची आता गरज नव्हती. काकूंच्या घरात एक शिंपी राहायला आला होता. तरी मी वळसाच घेत राहिलो. पाणी कुठे गेले हे कोणी विचारले नाही. मऊ भात मात्र मला जमू लागला.

पुढल्या उन्हाळ्यात उसाखालच्या जमिनीची नोंद पडताळायला मला निरवांगीकडे पाठवले. काम तीन दिवसांचे होते, ते मी दोन दिवसांत उरकले आणि तिसऱ्या दिवशी इंदापूरला गेलो. काकूंच्या दिराचे घर शोधले. दीर म्हणजे एक सुस्त गृहस्थ, ओसरीवर पान जुळवत बसले होते. म्हणाले, "इथं कुठं आता त्या. चार महिनेसुद्धा टिकल्या नाहीत. जा कचेरीमागं, खानावळ काढलीय."

मामलेदार कचेरीच्या मागे एक पडवी होती आणि तिच्यात दहा-बारा माणसांची पंगत बसली होती. बावडा गावाकडून, कुठून कुठून तारखेसाठी आलेली पक्षकार मंडळी. ज्यांच्या डोक्यावर खटला आहे त्यांना पन्ह्याची भीती नसते. काकू आमटी वाढत होत्या. मला पाहून त्यांची पळी क्षणभर थांबली, मग पुढच्या पानाकडे गेली.

"पथ्य संपलं वाटतं," त्या म्हणाल्या.

पंगत उठेपर्यंत मी बाहेर उभा राहिलो. मग त्यांनी पाट मांडला. मी मोटारीत बसून एक वाक्य तयार केले होते. चांगले वाक्य होते. ते अर्धे म्हटल्यावर त्यांनी मला थांबवले.

"काकू, त्या दिवशी मी जे बोललो त्याचा हेतू असा होता की..."

"हेतू कळला होता मला. तुम्ही खांबाकडे इतकं बघत होतात, की शेजारची बाई मला विचारायला लागली, भाऊसाहेब तुमचे कोण लागतात म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"पूर्वी जेवायला यायचे म्हटलं."

मी मान खाली घालून पानाभोवती पाणी फिरवले. त्या भात वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचा बुद्ध मरायला टेकला होता तरी त्याला लोहाराची आठवण झाली. तुम्ही धडधाकट होतात आणि तुम्हाला पथ्य लागलं. बोलला नसतात तरी चाललं असतं. गुपचूप येऊन पाटावर बसला असतात, तर दोन मास्तर मागनं आले असते. माणसं बघतात दुसरा जेवतोय का. भाषण कशाला ऐकतात?"

बुद्धाच्या उपदेशावरचे याहून बरे भाष्य मी नंतरही कुठे वाचले नाही, पण तेव्हा मी फक्त आमटी मागून घेतली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या लोहाराचं पुढं काय झालं?"

"कोणत्या?"

"चुंदाच्या. निरोप पोचला का त्याला? लोक परत गेले का त्याच्याकडे?"

मला आठवेना. मी म्हणालो, "पुस्तकात नाही."

"पुस्तक लिहिणारा जेवायला गेला नसेल," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन तव्यावरची भाकरी घेऊन आल्या.

मी खूप जेवलो. भाकरी तीन घेतल्या, आमटी चारदा घेतली, वांग्याची भाजी त्याच पुरे म्हणेपर्यंत घेतली. इतके जेवायची मला सवय राहिली नव्हती. पण थांबावेसे वाटेना. आणि पंगतीत दुसरे कोणी नव्हते तरी मी असा जेवत होतो की जणू कोणीतरी बघते आहे. निघताना त्या दारापर्यंत आल्या. परत या असे म्हणाल्या नाहीत. येऊ नका असेही म्हणाल्या नाहीत. उन्हातून चालत मी मोटारीच्या अड्ड्यावर आलो, रसवंतीवर उसाचा रस प्यालो, आणि मोटार सुटायला तास असल्यामुळे दुसरा प्यालो. मोटारीत मागच्या बाकावर मी एकटाच होतो. चार वर्षांत, नव्हे पाच वर्षांत, मला इतके हलके वाटले नव्हते. खिडकीतून उसाची शेते जात होती आणि मला वाटले, निर्वाण म्हणतात ते याच जातीचे काही असावे.

रात्रीपासून मला ढाळ सुरू झाले आणि ते दोन दिवस राहिले. कचेरीत मी डोकेदुखीचा अर्ज दिला.